पोटभर खाणाऱ्या मेंढ्या का उलटल्या: मनोरीतल्या एका वाड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मार्वेच्या जेट्टीवरून बोट पकडली की काही मिनिटांत मनोरी येतं. पत्त्यावर मुंबईच, पण समोर खाडी, माड आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. तिथे भाड्याच्या जागेवर एका निवृत्त बसचालकाने मेंढ्या पाळल्या आहेत. मूळचे ते आटपाडीकडचे धनगर. वडिलांच्या मेंढरांच्या वाड्यात लहानपण गेलं, मग तीसेक वर्षं मुंबईत नोकरी, आणि निवृत्तीनंतर पुन्हा मेंढरं. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. मी त्यांच्या मेंढ्यांचा डॉक्टर. त्यांना मी इथे अण्णा म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला काकू, म्हणजे प्रत्यक्षात म्हणतो तसंच.

त्यांच्याकडे जत भागातून आणलेल्या २४ तरुण माडग्याळ मेंढ्या होत्या. बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या वेताच्या. शिवाय ८ जुन्या मेंढ्या आणि दोन नर. जुलैच्या सुरुवातीला मेंढ्या फळवायच्या (नराला लावायच्या), म्हणजे साधारण १४७ दिवसांनी, पाऊस संपून चारा असताना, कोकरं येतील. त्यातले नर पुढे बकरी ईदच्या बाजारासाठी वाढवायचे, असा बेत होता.

देशावरचा मेंढपाळ पावसाळ्यात कोकणात थांबत नाही. खूर कुजतात, जंत वाढतात, ओल्या गवताने पोटं बिघडतात. अण्णांनी म्हणून लाकडी फळ्यांचं मचाण बांधलं आणि जूनपासून मेंढ्या त्यावरच ठेवल्या. चरणं बंद झालं, सगळा चारा दावणीत. प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं की फळवण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवला तर मेंढी जास्त अंडी सोडते आणि जुळ्यांची शक्यता वाढते. हे खरं आहे. त्यांनी २४ मेंढ्यांना रोज दर डोई ७०० ग्रॅम मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड सुरू केली, वर हरभऱ्याचं भूस आणि थोडा लसूणघास. ४५ किलोच्या आसपासच्या मेंढीला नुसतं अंग राखायला जेवढं लागतं, त्याच्या ढोबळ हिशेबाने हे दुप्पट होतं.

फळवल्यानंतरही हा खुराक तसाच चालू राहिला. मी तो पाहिला होता. मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवून, "तब्येती छान आहेत, चालू द्या," असं मीच म्हणालो होतो.

अडचण

सगळ्या मेंढ्या थोड्या दिवसांत व्याव्यात म्हणून आम्ही योनीत बसवायचे औषधी स्पंज वापरले. १२-१२ च्या दोन तुकड्या, मध्ये आठवड्याचं अंतर. स्पंजातल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या (गाभ टिकवणाऱ्या संप्रेरकासारख्या) औषधाने मेंढीचा माज १२ ते १४ दिवस दाबून धरायचा, मग स्पंज काढून पीएमएसजी या अंडी पिकवणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, की एक-दोन दिवसांत सगळ्या माजावर येतात. नरांच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावला होता. ज्या मेंढीच्या पाठीवर लाल डाग, ती लागली. चोवीसच्या चोवीस मेंढ्यांवर डाग उमटले. पुढच्या पंधरवड्यासाठी गेरूऐवजी नीळ लावली, म्हणजे उलटलेली, गाभ न राहता पुन्हा माजावर आलेली मेंढी वेगळ्या रंगाने कळावी.

१६ व्या ते १९ व्या दिवसाच्या दरम्यान १५ मेंढ्यांच्या पाठी निळ्या झाल्या. अण्णांचा फोन आला. "डॉक्टर, ह्या राहिनात. एवढं खाऊ घालतोय, तरी राहिनात."

स्पंजाच्या पहिल्या माजाला गाभ कमी राहतो, हे माहीत असल्यामुळे मी त्यांना धीर दिला. आपसूक आलेल्या दुसऱ्या माजाला या पंधरा पुन्हा लावल्या. अण्णांनी काळजीपोटी खुराकात एक मूठ आणखी वाढवली. आणखी १७ दिवसांनी पंधरांतल्या १० परत उलटल्या. आता दोष स्पंजाच्या माथी मारता येत नव्हता.

पहिला निर्णय: नरावर संशय

पहिल्या फेरीनंतर मी जो निष्कर्ष काढला, तिथे वेळ गेला. १७ दिवसांनी मेंढी उलटली, म्हणजे अंडं फळलंच नाही, म्हणजे नरात खोट, असा सरळ हिशेब मी मांडला. मेंढीचं माजचक्र १७ दिवसांचं असतं, त्यामुळे नेमक्या दिवशी परत येणारी मेंढी जणू काही घडलंच नव्हतं असं सांगते. गर्भ राहून मग गेला असता तर ती २२, २५, ३० अशा अवेळी दिवशी माजावर आली असती, अशी माझी समजूत.

दोन्ही नर तपासले. अंडकोशाचा घेर चांगला, वीर्य दाट, सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंची हालचाल उत्तम. सहा-सात आठवडे आधी कडक ऊन लागलं असतं किंवा ताप येऊन गेला असता तर वीर्यात त्याच्या खुणा दिसल्या असत्या, कारण शुक्राणू तयार व्हायला तेवढा काळ लागतो. तसं काही नव्हतं. दुसऱ्या फेरीत, ऑगस्टच्या सुरुवातीला, पहिल्या तुकडीतल्या सहा मेंढ्यांचं रक्त ब्रुसेला हा गाभडवणारा जंतू तपासायला घेतलं. योगायोगाने तो त्यांच्या लागण्यानंतरचा ११ वा-१२ वा दिवस होता. रोझ बेंगॉल चाचणी नकारार्थी आली. उरलेलं सीरम (रक्तातला पातळ भाग) मी फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. पुढे त्याचा उपयोग होईल असं तेव्हा मनातही नव्हतं.

ब्रुसेलाची चाचणी इथे फारशी कामाची नव्हती हेही सांगायला हवं. ब्रुसेला, क्लॅमिडिया, टोक्सोप्लाझ्मा ही दुखणी मुख्यतः पुढच्या महिन्यांत मेंढी गाभडवतात. अठराव्या दिवसाच्या आत गेलेला गर्भ ना दिसतो, ना त्याचा स्राव दिसतो. मला जे सुचलं ते मी तपासलं. प्रश्न ज्या दिवसांचा होता, त्या दिवसांकडे मी पाहिलंच नव्हतं.

काकूंचं निरीक्षण

१० ऑगस्टच्या सुमारास मी सोनोग्राफीचं यंत्र घेऊन गेलो. भरतीमुळे बोट बंद होती, म्हणून भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून. पहिल्या फेरीत न उलटलेल्या नवांपैकी ८ गाभण निघाल्या, एक रिकामी. मग जुन्या आठ मेंढ्या तपासल्या. त्या अण्णांनी विकायला काढल्या होत्या आणि मचाणाच्या कडेला वेगळ्या बांधल्या होत्या. त्यांना स्पंज नाही, खुराक नाही. काकू त्यांना भूस आणि बोरिवलीच्या भाजीबाजारातून आणलेला पाला घालत. नर मात्र तेच दोन, जुलैत तिकडेही सोडलेले. आठांतल्या ६ गाभण.

मी कागदावर आकडे लिहीत होतो. काकू शेजारी मेंढी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ज्यांस्नी टाकून दिल्यागत ठेवलं त्या राहिल्या, अन् ज्यांस्नी पोटभर घातलं त्या उलटल्या. असं का वो?"

या प्रकरणाला वळण लागलं ते या प्रश्नाने, माझ्या एकाही चाचणीने नाही. नर निर्दोष असल्याचा सगळ्यात चांगला पुरावा त्या आठ मेंढ्या होत्या, आणि तो महिनाभर मचाणाच्या कडेला बांधलेला होता.

सतरावा दिवस नेमकं काय सांगतो

घरी येऊन मी मेंढीच्या पहिल्या तीन आठवड्यांचा हिशेब नव्याने मांडला. तो इथे सविस्तर देतो, कारण माझी चूक त्यातच होती.

अंडं सुटल्यावर त्या जागी अंडाशयात पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रक्तात त्याची पातळी चढते आणि आठवड्याभरात वर जाऊन स्थिरावते. भ्रूण चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतं, पण लगेच चिकटत नाही. सोळाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत ते तरंगतच असतं आणि गर्भाशयाच्या ग्रंथी पाझरवतात त्या रसावर जगतं. या पोषक रसाला गर्भाशयाचं दूध म्हणतात. तो कधी आणि किती पाझरायचा हे प्रोजेस्टेरॉन ठरवतं. पातळी लवकर चढली तर भ्रूण झपाट्याने वाढतं, रेंगाळली तर भ्रूणही मागे पडतं.

दुसरीकडे मेंढीचं शरीर आपलं घड्याळ चालवत असतं. साधारण दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या अंमलाखाली राहिलं की गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याला जुमानेनासं होतं. तिथे इस्ट्रोजेन आणि मग ऑक्सिटोसिन या संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर) वाढतात, चौदाव्या-पंधराव्या दिवसापासून प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा सुटतात, पीतपिंड विरघळतो आणि सतराव्या दिवशी माज येतो. हे थांबवायचं काम भ्रूणाने करायचं असतं. बाराव्या दिवसाच्या सुमारास ते गोल आकार सोडून लांबायला लागतं. पंधराव्या-सोळाव्या दिवशी ते १० सेंटिमीटरहून लांब धाग्यासारखं झालेलं असतं. ही लांबी लागते, कारण त्या धाग्याच्या पेशी इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतात आणि जितका धागा लांब तितकं प्रथिन जास्त. हे प्रथिन त्या ग्राहकांना वाढू देत नाही, म्हणून प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा सुटत नाहीत आणि पीतपिंड वाचतो. बाईमध्ये हे काम एचसीजी करतं, ज्यावर घरगुती प्रेग्नन्सी टेस्ट चालते. मेंढीत ते काम इंटरफेरॉनकडे आहे, हे १९८७ साली त्या प्रथिनाची रचना उलगडल्यावर स्पष्ट झालं.

१९६६ साली केंब्रिजमध्ये मूर आणि रोसन यांनी मेंढ्यांच्या गर्भाशयातून वेगवेगळ्या दिवशी भ्रूण काढून पाहिली. बाराव्या दिवसाआधी भ्रूण काढलं तर मेंढी जणू कधी फळलीच नव्हती अशी वेळेवर माजावर आली. तेराव्या दिवशी काढलं तर माज लांबला.

माझ्या हिशेबातली खोट इथे दिसते. १७ व्या दिवशी उलटलेली मेंढी "अंडं फळलं नाही" एवढंच सांगत नाही. अंडं फळलं, भ्रूण जगलं, पण बाराव्या दिवसाला ते इतकं लहान होतं की त्याची हाक आईच्या शरीरापर्यंत पोचली नाही, असंही ती सांगत असते. दोन्ही मेंढ्या एकाच दिवशी, एकाच रंगाच्या पाठीने समोर येतात. उलटण्याच्या दिवसावरून नराला दोषी धरता येत नाही.

आणि खुराक? प्रोजेस्टेरॉन मोडतं ते मुख्यतः यकृतात. मेंढी भरपूर खाते तेव्हा आतड्यांकडून यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि त्याबरोबर प्रोजेस्टेरॉन धुऊन निघण्याचा वेगही. पीतपिंड आपलं काम नेटाने करतच असतो. अण्णांना मी सांगितलं, "नळ तेवढाच आहे, मोरी मोठी झालीय. बादली भरणार कशी?" ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात यावर नेमके प्रयोग झाले. फळवल्यानंतर दुप्पट खुराक दिलेल्या मेंढ्यांत प्रोजेस्टेरॉन घटलं आणि गाभ कमी राहिला, आणि त्याच खुराकावर बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तेव्हा तो भरून निघाला. नाजूक काळ ११ व्या-१२ व्या दिवसाच्या आसपासचा.

आता फ्रीजरमधलं ते सीरम आठवलं. प्रोजेस्टेरॉनचा रेणू बाईत, गाईत आणि मेंढीत एकच असतो, त्यामुळे माणसांच्या लॅबमधलं यंत्र तो मोजू शकतं. मालाडच्या एका लॅबने नमुने घेतले. सहाही आकडे मिलिलिटरला १.१ ते २.० नॅनोग्रॅमच्या दरम्यान आले. भर चक्रात मेंढीत साधारण २ ते ५ अपेक्षित असतात. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बायकांची होती, त्यामुळे प्रत्येक आकड्यासमोर 'कमी' असा शिक्का होता. अण्णा तो वाचून हबकले. खरं म्हणजे निरोगी मेंढीलाही त्या मर्यादेने 'कमी' म्हटलं असतं. रिपोर्ट पाठवण्याआधी मी फोन करायला हवा होता.

समोर असलेले पर्याय

पहिल्या तुकडीतल्या उलटलेल्या मेंढ्या ८ ऑगस्टला पुन्हा लावून झाल्या होत्या. निर्णयाला फार तर आठवडा होता.

नर बदलणं हा अण्णांचा पहिला आग्रह होता. जुन्या आठ मेंढ्यांनी तो निकालात काढला.

दुसरा पर्याय बाहेरून प्रोजेस्टेरॉन देण्याचा. अण्णांच्या सुनेला पहिल्या महिन्यांत डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल दिल्या होत्या, त्या घरात उरल्या होत्या. "त्याच मेंढीला दिल्या तर?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. पण तोंडाने दिलेलं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन आतड्यातून आधी यकृतात जातं आणि बहुतेक तिथेच मोडतं. म्हणजे ज्या मोरीतून पाणी वाहून जातंय तिच्यातच आणखी पाणी ओतायचं. स्पंज पुन्हा बसवणं शक्य होतं. पण दर मेंढीला पावसात धरून, नेमक्या दिवशी, स्वच्छ हाताने ते बसवणं आणि काढणं आलं. वेळ चुकून फार लवकर दिलं तर प्रोजेस्टेरॉन घड्याळच भरभर पळवतं आणि चक्र आखूड होऊ शकतं.

बाराव्या दिवशी एचसीजी टोचून जादा पीतपिंड उभा करणं हा तिसरा मार्ग. काही कळपांत त्याचा फायदा होतो, काहींत नाही. खर्च मात्र दर मेंढीमागे नक्की.

चौथा पर्याय खुराक उतरवण्याचा. यात काही विकत घ्यायचं नव्हतं. पण अण्णांच्या दृष्टीने हाच सगळ्यात अवघड होता, कारण गाभण व्हायच्या जनावराचं ताट कमी करणं त्यांच्या हाताला पटत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी कधी केलं नव्हतं. मी म्हणालो, त्यांची मेंढरं पायी चालत आणि माळावरचं चरत. फळल्यानंतर दुप्पट खायला त्यांना मिळतच नव्हतं. यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

पाचवा पर्याय होता हा माज सोडून देण्याचा, म्हणजे आधी नीट घडी बसवून मग फळवायचं. पण तसं केलं तर कोकरं जानेवारीऐवजी फेब्रुवारीत येतील आणि मार्चच्या उन्हात दूधपिती असतील. तो आम्ही दोघांनीही सोडला.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. मला तीन मेंढ्या जुन्याच खुराकावर ठेवायच्या होत्या, म्हणजे फरक खुराकाने पडला की आणखी कशाने हे कळलं असतं. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, त्या तीन उलटल्या तर नुकसान माझं. माझ्या मेंढ्या म्हंजे तुमची प्रयोगशाळा न्हवं." मी आग्रह सोडला. आजही तो सोडला हे बरोबर वाटतं.

काय केलं

१० ऑगस्टपासून भरडा-पेंड टप्प्याटप्प्याने उतरवली. ७०० ग्रॅमवरून पाच दिवसांत १५० ग्रॅमवर आलो. भूस पोटभर ठेवलं. एकदम तोडली नाही, कारण उपासमारही याच दिवसांत गर्भाला मारक असते आणि चाऱ्यातला अचानक बदल पोट बिघडवतो. उद्देश मेंढी बारीक करण्याचा नव्हता. अंग राखण्यापुरतं द्यायचं, एवढंच. पहिल्या तुकडीचा तो फळल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस होता, म्हणजे नाजूक बाराव्या दिवसाआधी आठवडाभर हातात होता. दुसरी तुकडी १५ ऑगस्टच्या सुमारास माजावर आली तेव्हा खुराक उतरलेलाच होता. सोनोग्राफीत रिकामी निघालेली मेंढीही त्याच आठवड्यात माजावर आली. अशा ११ मेंढ्या लागल्या.

बाराव्या दिवशी सहा मेंढ्यांचं रक्त घेतलं. आधीचे नमुने सकाळच्या दाण्यानंतर अकराच्या सुमारास घेतले होते, म्हणून या वेळीही जाणूनबुजून तीच वेळ धरली. सीरम लगेच वेगळं करून, बर्फाच्या डब्यात, बोटीने मार्वेला आणि तिथून रिक्षाने लॅबमध्ये.

निकाल

आकडे २.४ ते ३.८ नॅनोग्रॅमच्या दरम्यान आले. अकरांपैकी ३ उलटल्या, ८ राहिल्या, आणि पाच आठवड्यांनी सोनोग्राफीत आठही पक्क्या झाल्या. तिन्ही फेऱ्या मिळून चोवीसांतल्या २१ गाभण.

तरीही हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. ज्या आठ मेंढ्यांनी डोळे उघडले त्या जुन्या, अनेक वेतं झालेल्या होत्या, आणि अशा मेंढ्यांत गाभ तसाही बरा टिकतो. ऑगस्ट अर्ध्यावर आल्यावर पाऊसही मंदावला होता आणि मेंढ्या जागेला रुळल्या होत्या. सगळ्यात जास्त टोचते ती मक्याची गोष्ट. पावसाळ्यात मक्याला बुरशी लागते, आणि एका प्रकारच्या बुरशीचं विष, झिअरालेनोन, इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि मेंढीचं प्रजनन बिघडवतं. भरडा वासाला आणि रंगाला ठीक होता, एवढंच मी पाहिलं. तपासायला पाठवला नाही. खुराक उतरवला तेव्हा तो मकाही उतरला. रक्तातले आकडे प्रोजेस्टेरॉनच्या बाजूने बोलतात, पण मक्याला पूर्ण निर्दोष ठरवत नाहीत.

नोव्हेंबरातली चूक

हे प्रकरण ऑगस्टात संपलं असतं तर बरं झालं असतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. एक मेंढी कळपापासून बाजूला उभी होती, खात नव्हती, भिंतीकडे तोंड. पहिल्या फेरीतली, १३५ दिवसांची गाभण, पोटात जुळी. श्वासाला गोडसर वास. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर लघवीत कीटोन, म्हणजे खाणं पुरत नसल्याने अंगची चरबी जळत असल्याची खूण, स्पष्ट दिसले.

शेवटच्या दीड महिन्यात गर्भ सर्वांत वेगाने वाढतो आणि जुळी असली तर आईचं पोट चाऱ्याला जागाही कमी देतं. तेव्हा दाणा वाढवावा लागतो. अण्णांनी मात्र १५० ग्रॅम हाच नियम धरला होता. फळल्यावर कमी घाला, असं मी सांगितलं होतं. किती दिवस, ते सांगितलं नव्हतं. त्यात पहिल्या फेरीला पीएमएसजी दिलेलं, म्हणजे जुळी जास्त असणार हे मला माहीत असायला हवं होतं.

ग्लुकोज शिरेतून, प्रोपिलीन ग्लायकॉल तोंडाने, दिवसातून तीनदा थोडं थोडं खाणं. काकू दोन रात्री मचाणावर बसून होत्या. सहा दिवसांनी मेंढी व्याली. एक कोकरू मेलेलं, एक जिवंत. मेंढी वाचली. बाकीच्यांचा खुराक त्याच दिवसापासून चढवला.

खरं तर मेंढीत ५० ते ६० दिवसांनंतर प्रोजेस्टेरॉन धुऊन जाण्याच्या काळजीचं कारणच उरत नाही. तोवर जार (वार) स्वतः पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि पीतपिंड काढला तरी गाभ टिकतो. शेळीत तसं नाही. ती शेवटपर्यंत पीतपिंडावरच अवलंबून असते, म्हणून शेळीला गाभणकाळात कधीही प्रोस्टाग्लँडिन टोचलं तर ती गाभडते. आणि खुराकाच्या दृष्टीने नाजूक काळ तर बाराव्या दिवसाच्या आसपासचाच. हे मी अण्णांना ऑगस्टातच सांगितलं असतं तर विसाव्या-पंचविसाव्या दिवसानंतर ताट हळूहळू पूर्ववत झालं असतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या फेरीत मेंढ्या उलटल्या त्याच दिवशी मी जुन्या आठ मेंढ्यांच्या पाठी पाहीन. एकाच नराखाली दोन गट वेगळे वागत असतील तर आधी दोन गटांत काय वेगळं आहे ते विचारायचं, नर नंतर. आणि हे विचारायचं ते दावणीत रोज हात घालणाऱ्या माणसाला. काकूंना माझ्या कितीतरी आधी फरक दिसत होता. मी त्यांना विचारलं नव्हतं, आणि माझ्या घाईत त्यांना बोलायला जागाही मिळाली नव्हती.

रक्त घ्यायचंच असेल तर बाराव्या दिवशी घेईन. १७ व्या-१८ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी निघालं तर मेंढी रिकामी हे नक्की कळतं, जास्त निघालं तर ती बहुधा गाभण एवढंच. पण का राहिली नाही, याचं उत्तर त्या दिवशी उरलेलं नसतं.

या वर्षी जूनमध्ये मक्याचा नमुना फळवण्याआधीच तपासायला द्यायचा ठरला आहे. काकूंनी मचाणाच्या तुळईवर गेरूने तीन खुणा करून ठेवल्या आहेत: फळल्याचा दिवस, तिथून पंचविसावा, आणि व्यायच्या आधी दीड महिना. पहिल्या दोन खुणांमध्ये एक लहान डबा टांगला आहे, त्यात बरोबर १५० ग्रॅम भरडा मावतो. तिसऱ्या खुणेखाली त्याहून मोठा डबा आहे.